ओळख नसलेल्या मेडिकलमधली ट्यूब

उज्जैनला महाकालाच्या दर्शनाला गेलेल्या आपल्या भागातल्या बहुतेकांनी देवास गेट पाहिलेलं असतं, फक्त नाव लक्षात राहत नाही. रेल्वे स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर एसटीसारखा गजबजलेला बसस्टँड आहे, आणि भोवती लॉज, पोहे-जिलेबीच्या गाड्या, मेडिकलची दुकानं. देवासकडे जाणारा रस्ता इथून निघतो म्हणून देवास गेट. आणि देवास आपल्याला परकं थोडंच आहे? आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व 1948 साली आजारपणात हवापालटासाठी तिथं गेले आणि तिथलेच झाले. कोल्हापूरच्या गादीवर 1947 मध्ये दत्तक आलेले शहाजी महाराज मूळचे देवास थोरल्या पातीचे पवार. शिंदे-पवारांच्या काळापासून उज्जैन-देवासात मराठी घरं आहेत आणि आपल्या इकडच्या मुली आजही तिकडे दिल्या जातात.

अशीच लग्न होऊन तिकडे गेलेली माझी एक मावशी उज्जैनला असते. वय बावन्न, पाळी जाऊन चार वर्षं झालेली. मागच्या खेपेला रात्री गच्चीवर बोलता बोलता तिनं सांगितलं की दोन वर्षं तिला खाली जळजळ होते, कोरडं पडतं, बसताना टोचल्यासारखं होतं आणि काकांजवळ जायची तर भीतीच वाटते. "मग औषध?" मी विचारलं. औषध आणते की, म्हणाली. देवास गेटवरच्या एका मेडिकलमधून ट्यूब आणते. तिच्या घरापासून दोन मिनिटांवर मेडिकल आहे, पण तो दुकानदार तिच्या मुलाचा मित्र. म्हणून ती रिक्षा करून बसस्टँडवर जायची, जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही. ट्यूब पाहिली तर ती खाजेच्या बुरशीवरची निघाली. दोन वर्षांत तिसरी ट्यूब! हे सगळं तिला विचारूनच लिहिते आहे.

मैत्रिणींनो, यात हसण्यासारखं काही नाही, कारण हे देवास गेटवरच घडतं असं नाही. निपाणीची बाई कोल्हापूरच्या स्टँडजवळ मेडिकल शोधते, चिकोडीची बेळगावला गेल्यावर घेते, अक्कलकोटची सोलापुरात. ओळखीच्या दुकानात लाज वाटते, म्हणून आपण अनोळखी दुकानात जातो. पण तिथं गर्दी असते, मागं चार माणसं उभी असतात आणि काउंटरवर विशीतला मुलगा असतो. आपण अर्धं वाक्य बोलतो. मराठीत 'खाली' म्हणतो, कन्नडात 'केळग' म्हणतो. दोन्ही भाषांत आपल्याकडे त्या जागेला एवढाच शब्द! मुलगा बिचारा अंदाज करतो. खाली जळजळ म्हणजे बुरशी, नाहीतर लघवीचं इन्फेक्शन. देतो एक ट्यूब किंवा पाच दिवसांच्या गोळ्या. चार दिवस बरं वाटल्यासारखं होतं, कारण कुठलंही मलम लावलं की थोडा ओलावा येतोच. मग पुन्हा तेच.

म्हणून आज या दुखण्याचं नाव घेऊन बोलूया. योनिमार्गाचा कोरडेपणा. पाळी गेलेल्या बायकांपैकी जवळपास निम्म्या जणींना तो कमीजास्त प्रमाणात होतो. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय 46-47 धरतात, म्हणजे त्यानंतर पुढची पंचवीस-तीस वर्षं आयुष्य असतं. अंगातून वाफा येणं, घाम फुटणं हे त्रास काही वर्षांनी बहुतेकींचे आपोआप कमी होतात. कोरडेपणाचं उलटं आहे. तो काही न करता सोडला तर बहुधा वाढतच जातो. 'होईल बरं हळूहळू' हे इथं चालत नाही.

असं का होतं, तेही समजून घेऊ. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक योनिमार्गाचं अस्तर जाड, लवचिक आणि ओलसर ठेवतं. त्या अस्तरातल्या साखरेवर चांगले जीवाणू जगतात आणि तिथं आंबटपणा टिकवतात. आपण दह्याला विरजण लावतो त्याच कुळातले हे जीवाणू. या आंबटपणामुळं वाईट जंतू वाढत नाहीत. पाळी जाते तसं इस्ट्रोजेन उतरतं, अस्तर कागदासारखं पातळ होतं, आंबटपणा जातो. मग जळजळ, संबंधाच्या वेळी दुखणं, कधी चिरा पडून रक्ताचा थेंब दिसणं, आणि लघवीच्या तक्रारी सुरू होतात: सारखी लागणं, थांबवता न येणं, वरचेवर इन्फेक्शन. मूत्रमार्गाचं अस्तरही याच इस्ट्रोजेनवर पोसलेलं असतं ना! म्हणूनच 2014 साली डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी या दुखण्याचं जुनं नाव बदलून लघवीच्या तक्रारींसह एकच नवं नाव ठरवलं. दर दोन महिन्यांनी लघवीच्या इन्फेक्शनच्या गोळ्या घेणाऱ्या पन्नाशीपुढच्या बाईनं ही बाजूही डॉक्टरांना विचारायला हवी.

पाळी गेलेल्यांनाच होतं असंही नाही. अंगावर पाजणाऱ्या बाळंतिणीला होतं, कारण त्या काळात इस्ट्रोजेन कमी असतं. दूध तुटलं की ते जातं. सर्दीच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांना होतं. नाक सुकवणारी गोळी बाकीचा ओलावाही सुकवते. मन उदास होण्यावरच्या काही गोळ्या, मधुमेह, स्तनाच्या कॅन्सरनंतरची औषधं ही कारणंही आहेत. आणि मनाची तयारी नसताना, घाईघाईत उरकलेला संबंध, याला तर कुठलं औषध नाही.

आता घरच्या उपायांकडे वळते, कारण आधी आपण तेच करतो. तेही आईला नाही, शेजारणीला विचारून! मी ऐकलेली यादी मोठी आहे. तुरटीचं पाणी, कडुलिंबाचा काढा, डेटॉल टाकून धुणं, लिंबू, दही भरणं, मध, लसूण. यातलं एकही करू नका. तुरटी आकसवते आणि आणखी सुकवते. डेटॉल हे फरशी आणि जखमेसाठी. नाजूक अस्तराला ते भाजतं. दह्यातले जीवाणू चांगले खरे, पण वाटीतलं दही आत भरल्यानं ते तिथं नांदायला लागत नाहीत. दुसरे जंतू आणि बुरशी मात्र जाऊ शकते. योनिमार्ग आतून धुवायचा नसतोच, तो स्वतः स्वच्छ राहतो. बाहेरून साधं कोमट पाणी पुरे. जाहिरातीत दिसणारे खास 'वॉश' कोरडेपणावरचं औषध नाहीत, आणि सुगंधी साबणानं तर त्रास वाढतो. सुती चड्डी, सैल कपडे, वासाचे पॅड बंद, एवढं केलं तरी काहींची निम्मी जळजळ उतरते.

मग चांगलं काय? खोबरेल तेल. आपल्या किनारपट्टीच्या आणि घाटाखालच्या बायकांना हे सांगायला नको. बाहेरच्या त्वचेला, योनीच्या तोंडाशी दोन थेंब शुद्ध खोबरेल लावलं तर बऱ्याच जणींना आराम पडतो आणि बहुतेक डॉक्टर त्याला हरकत घेत नाहीत. केसांची सुगंधी बाटली नको, वेगळी छोटी बाटली ठेवा आणि हात धुऊन घ्या. पण एक लक्षात ठेवा. तेल, तूप, व्हॅसलीन यांपैकी काहीही लावलं तर निरोध फाटू शकतो, रबर तेलानं कमकुवत होतं. व्हॅसलीन बाहेर चालेल, आत नको. आत ते चिकटून राहतं आणि इन्फेक्शनला वाट करून देतं. एखादीला खोबरेलानंही खाज सुटते, तिनं ते सोडून द्यावं. तेलात भिजवलेला कापसाचा बोळा आत ठेवण्याचा आयुर्वेदिक उपचार आहे, तो शिकलेल्या वैद्याकडून स्वच्छतेनं करून घ्यायचा; घरी केलेला बोळा आत राहून कुजल्याच्या तक्रारी डॉक्टरांकडे येतात. शतावरी, जवस, सोयाबीन खायला चांगलं आहे, खा. त्यानं कोरडेपणा जातो असं ठामपणं सांगण्याइतका पुरावा मात्र नाही, तेव्हा त्यावर विसंबून वर्ष काढू नका.

मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या दोन गोष्टी आहेत आणि त्यांतला फरक कळला की अर्धं काम झालं. पहिली लुब्रिकंट जेल. ही संबंधाच्या वेळेपुरती, वंगणासारखी. बहुतेक दुकानांत निरोधच्या शेजारी ठेवलेली असते, म्हणून बायका तिकडं बघतही नाहीत. खोक्यावर 'वॉटर बेस्ड' लिहिलेली घ्यावी, ती निरोधबरोबर चालते. स्ट्रॉबेरीच्या वासाची, गरम करणारी, झिणझिण्या आणणारी घेऊ नये. पातळ झालेल्या अस्तराला ती झोंबते. साधीसुद्धा झोंबली तर ग्लिसरीन नसलेली मागा. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडी लावून पाहिली तर बरं. आणखी एक खबरदारी: नुसतं 'जेली द्या' म्हटलं तर कधी बधीर करणारी जेली हातात पडते. तिच्यात लिग्नोकेन असतं. दुखणं कळत नाही, पण चिरा पडायच्या त्या पडतातच. खोक्यावरचं नाव वाचून घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे मॉइश्चरायझर. चेहऱ्याचं नव्हे हं! योनिमार्गासाठीचं वेगळं मिळतं, त्यात हायलुरोनिक ॲसिड किंवा पॉलिकार्बोफिल असतं. ते संबंधाशी निगडित नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, शक्यतो रात्री झोपताना आत लावायचं, नियमानं. तालुक्याच्या गावी ते चटकन मिळत नाही, मागवावं लागतं. विधवा, एकट्या राहणाऱ्या, संबंध नसलेल्या बायकांनाही हा त्रास असतो, बसता-चालताना जळजळतं, आणि 'आता मला काय करायचंय' म्हणून त्या सोसत राहतात. मॉइश्चरायझर त्यांच्यासाठीही आहे.

यानं सहा-आठ आठवड्यांत भागलं नाही तर खरं औषध वेगळं आहे आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायचं: योनिमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम किंवा छोटी गोळी. आपल्याकडे एस्ट्रिऑलचं क्रीम मिळतं, काँजुगेटेड इस्ट्रोजेनचंही मिळतं. साधारणपणे पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि नंतर आठवड्यातून दोनदा असं देतात. मात्रा डॉक्टर ठरवतील. फरक दोन-तीन आठवड्यांनी जाणवायला लागतो, पुरा गुण यायला तीन महिनेही लागतात. अस्तर पुन्हा जाड होतं, आंबटपणा परततो, लघवीची इन्फेक्शन कमी होतात. थांबवलं की बहुधा त्रास परत येतो, म्हणून ते चालू ठेवावं लागतं. चष्म्यासारखं समजा.

इथं एक अडचण येते आणि ती म्हणजे खोक्यातला कागद. कन्यका इंग्रजी वाचते, आईला सांगते, 'यात कॅन्सर लिहिलंय', आणि ट्यूब कचऱ्यात! हा धसका 2002 चा आहे. त्या वर्षी अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मधेच थांबवला गेला, कारण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र असलेल्या पोटात घ्यायच्या गोळ्यांनी स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढलेला दिसला. त्यानंतर लावायच्या क्रीमवरही तोच इशारा छापला गेला, जरी क्रीममधून रक्तात जाणारं प्रमाण फार थोडं असतं. पुढच्या वर्षांत क्रीम वापरणाऱ्या हजारो बायकांच्या पाहणीत तसा वाढीव धोका आढळला नाही. शेवटी नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तो काळ्या चौकटीतला इशारा काढून टाकत असल्याचं जाहीर केलं. आपल्या दुकानातल्या खोक्यांत जुना कागद अजून सापडेल. अपवाद आहे तो स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्यांचा. त्यांनी आधी जेल-मॉइश्चरायझर वापरावं आणि इस्ट्रोजेनचा निर्णय कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

मोठ्या शहरांत लेसरनं 'पूर्ववत तारुण्य' देणाऱ्या जाहिराती दिसतात. हजारो रुपयांचं काम. 2018 च्या जुलैमध्ये अमेरिकेच्याच औषध प्रशासनानं या यंत्रांबद्दल सावध केलं होतं, भाजणं आणि कायमचं दुखणं राहिल्याच्या तक्रारी होत्या. माझं मत विचाराल तर त्या पैशात वर्षानुवर्षांचं क्रीम येईल.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय निवडला, तिकडे येते. वर मी पन्नाशीचं बोलले. पण आपल्या भागात हेच दुखणं पस्तिशीतल्या बायकांना आहे, आणि त्या आपल्या उसाच्या फडात असतात. दर वर्षी दिवाळीनंतर बीडकडून तोडीच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या कारखान्यांवर येतात. 2019 साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. बऱ्याच जणी चाळिशीच्याही आतल्या. पांढरं जातंय, पोटात दुखतंय, एवढ्या कारणावरून 'काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल' असं सांगितलेलं. पाळी आली की खाडा पडतो आणि मुकादम पैसे कापतो, हेही त्यामागं होतं. आपल्या पलीकडे कलबुर्गीतही लमाणी तांड्यांवरच्या बायकांचं असंच प्रकरण 2015 मध्ये बाहेर आलं. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं.

नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण अंडाशय जागेवर असतील तर इस्ट्रोजेन येत राहतं. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशय काढले की ते एका दिवसात बंद होतं. पन्नाशीत हळूहळू यायचं ते पस्तिशीत एकदम येतं: वाफा, हाडं ठिसूळ होणं आणि हा कोरडेपणा. त्या बाईला कुणी सांगितलेलं नसतं. नवऱ्याला वाटतं हिचं मन उडालं, तिला वाटतं आपल्यातच काही बिघडलं. म्हणून ज्यांची पिशवी काढली आहे त्यांनी दवाखान्याचा कागद शोधून 'अंडाशय ठेवले की काढले' हे विचारून घ्यावं. चाळिशीच्या आत अंडाशय गेले असतील तर नुसत्या क्रीमवर थांबू नये; नेहमीच्या पाळी जाण्याच्या वयापर्यंत पोटातून हॉर्मोन द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारावं. आणि ज्यांना आत्ता कुणी 'पिशवी काढा' म्हणतंय त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सही करू नये.

नवरोबांनाही दोन शब्द, कारण हे पान तेही वाचतात, चोरून का होईना. बायको टाळते म्हणजे तिला तुम्ही नकोसे झालात असं नाही. पातळ अस्तरावर दुखतं, दोनदा दुखलं की तिसऱ्या वेळी अंग आधीच आखडतं. काउंटरवर जाऊन जेल मागायचं काम तुम्ही करा ना! निरोधच्या शेजारीच असते.

डॉक्टरांकडे लगेच जायला हवं अशा खुणाही सांगून ठेवते. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी जायचं. कोरडेपणानं असेल, पण गर्भाशयाचा कॅन्सर नाही ना हे आधी बघावं लागतं. दह्यासारखं घट्ट पांढरं आणि खाज असेल तर ती बुरशी, आणि वारंवार होत असेल तर साखर तपासा. बाहेरची कातडी पांढरी, चट्ट्यासारखी झाली असेल तर तो वेगळा विकार आहे, त्याला वेगळं मलम लागतं. आतून तपासताना दुखेल ही भीती असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. लहान आकाराचं उपकरण असतं आणि जेल लावून तपासता येतं. 'वय झालं, चालायचंच' असं उत्तर मिळालं तर तिथंच विचारा, 'योनिमार्गात लावायचं इस्ट्रोजेन मला चालेल का?' एवढं वाक्य पुरतं.

बोलायला जड जात असेल तर कागदावर लिहून न्या. पाळी कधी गेली, पिशवी काढली का, कुठली औषधं चालू आहेत, त्रास किती महिने, संबंधाच्या वेळी दुखतं का, लघवीचं इन्फेक्शन वर्षात किती वेळा. घरातल्या अव्वाला किंवा अत्तीला घेऊन जाणार असाल आणि डॉक्टर कन्नड बोलणारे असतील, तर तिला एवढं म्हणायला शिकवा: "मुट्टु निंतैती, अल्लि उरीतैती, ओणगिदंग आगैती." पाळी थांबली आहे, तिथं जळजळतं, कोरडं पडल्यासारखं झालं आहे. पुढचं डॉक्टर विचारतील.